टक्के सांगता, पण मतदार कुठले?

मागच्या गणपतीत आमच्या कॉलनीत जे झालं तिथूनच सुरू करते, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं पेढ्याच्या एका रिकाम्या डब्यातल्या ६१ चिठ्ठ्यांमधून निघालंय. इंदूरमधली आमची जुनी मराठी वस्ती, ६१ घरं, घरटी एक चिठ्ठी. प्रश्न साधा होता, शनिवारचा मोठा कार्यक्रम कोणता ठेवायचा, नाटक, गाण्याची मैफल की ऑर्केस्ट्रा. आधी हात वर करून ठरायचं आणि दरवर्षी कोणीतरी रुसायचं, म्हणून माझ्या भाच्याने, तो इंजिनिअरिंगला आहे, सगळ्यांना सांगितलं की एकच नाव लिहू नका, १, २, ३ असा पसंतीक्रम लिहा, ज्याला पहिली पसंती सगळ्यात कमी त्याला बाद करू आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीकडे वळवू, याला रनऑफ म्हणतात. लोकांना पटलं, मलाही पटलं.

पहिल्या पसंतीत ऑर्केस्ट्रा २४, नाटक २०, मैफल १७. मैफल बाद. तिच्या १७ पैकी ९ नाटकाकडे गेल्या, ८ ऑर्केस्ट्राकडे. ऑर्केस्ट्रा ३२, नाटक २९. टाळ्या झाल्या, प्रसाद वाटला, लोक घरी गेले.

रात्री मी त्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून बसले, मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते त्यामुळे आकडे दिसले की हात लावल्याशिवाय राहवत नाही. ऑर्केस्ट्रा पहिला असलेल्या २४ चिठ्ठ्या, त्या सगळ्यांवर दुसरी मैफल, एकूण एक. नाटक पहिलं असलेल्या २० चिठ्ठ्या, त्यांच्यावरही दुसरी मैफलच. म्हणजे मैफल आणि ऑर्केस्ट्रा एवढे दोनच पर्याय असते तर मैफल ३७-२४ ने जिंकली असती, मैफल आणि नाटक एवढेच असते तर ४१-२० ने. समोरासमोर दोघांनाही हरवणारी मैफल, आणि बाहेर पहिली तीच गेली.

भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मावशी, थ्री कॅन्डिडेट्स असले की रनऑफ ९६ टक्के वेळा बरोबर उत्तर देतो, मी वाचलंय, आपली केस उरलेल्या चारात आली." आकडा त्याने चुकीचा सांगितला नव्हता, तो पुस्तकातला खरा आकडा आहे. पण तो आकडा आमच्या ६१ घरांना लागू होतो असं त्याने धरून चाललं आणि तिथे माझं त्याच्याशी भांडण आहे, आणि त्याच्यापेक्षा जास्त त्या सगळ्यांशी आहे जे सोसायटीपासून देशापर्यंत निवडणुकीची पद्धत बदलायची म्हटलं की असा एखादा टक्का समोर टाकतात आणि चर्चा संपवतात.

आधी बरोबर उत्तर म्हणजे काय ते सांगते. कॉन्डोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये मांडलं की जो उमेदवार बाकी प्रत्येकाला एकास एक लढतीत हरवतो तोच निवडून यावा. त्याचाच समकालीन बोर्दा म्हणाला की क्रमाला गुण द्या, तिघांमध्ये पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०, आणि बेरीज करा. आमच्या चिठ्ठ्यांना बोर्दाचे गुण दिले तर मैफल ७८, ऑर्केस्ट्रा ५६, नाटक ४९. पण कॉन्डोर्सेच्याच लक्षात आलं होतं की कधीकधी असा विजेता नसतोच, नाटक मैफलीला हरवतं, मैफल ऑर्केस्ट्राला, आणि ऑर्केस्ट्रा परत नाटकाला, गोल चक्र. पुढे १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले तर अगदी साध्या वाटणाऱ्या चार-पाच अटी एकाच वेळी पाळणारी पसंतीक्रमाची कुठलीच पद्धत असू शकत नाही. याचा अर्थ लोक असा काढतात की मग काहीही करा, सगळ्याच पद्धती सारख्या खोट्या. हे मला अजिबात मान्य नाही. रंगपंचमीला पाऊस पडू शकतो, पण म्हणून आपण राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, रद्द करत नाही, आपण विचारतो की किती वेळा पडतो. ॲरो यांचं प्रमेय सांगतं की गडबड होऊ शकते, किती वेळा होते ते सांगत नाही, आणि ते सांगायला प्रोबॅबिलिटीचं मॉडेल लागतं, म्हणजे मतदार आपले क्रम कसे लावतात याबद्दल काहीतरी गृहीत धरावं लागतं. सगळी गोम त्या गृहीतकात आहे.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं गृहीतक म्हणजे इम्पार्शियल कल्चर. तीन पर्यायांचे क्रम सहा होतात आणि फाशालाही बाजू सहाच, म्हणून मी भाच्याला सापशिडीचा डबा आणायला लावला. १ म्हणजे नाटक-मैफल-ऑर्केस्ट्रा, ३ म्हणजे मैफल-ऑर्केस्ट्रा-नाटक, ५ म्हणजे ऑर्केस्ट्रा-नाटक-मैफल, आणि उरलेले तीन उलटे क्रम २, ४, ६ वर. प्रत्येक मतदार म्हणजे एक फासा, कोणी कोणाला विचारत नाही, सगळे क्रम सारखेच शक्य. तीन मतदार असले तर तीन फासे टाकायचे, आणि चक्र कधी येतं, तर १, ३, ५ तिन्ही आले की किंवा २, ४, ६ तिन्ही आले की. एकूण शक्यता २१६, चक्राच्या १२, म्हणजे अठरात एकदा. मतदार खूप वाढवत नेले तर हे प्रमाण वाढून ८.८ टक्क्यांच्या आसपास थांबतं, आणि उमेदवार तीनचे पाच केले तर २५ टक्क्यांवर जातं. हे वाचून माणूस घाबरणारच.

आता दुसरं गृहीतक. एक मडकं घ्या, त्यात सहा रंगांचे सहा गोळे, प्रत्येक रंग म्हणजे एक क्रम. पहिला मतदार एक गोळा काढतो, परत ठेवतो आणि त्याच रंगाचा अजून एक टाकतो. पुढच्याला तो रंग मिळण्याची शक्यता थोडी वाढली. मला यात आमची कॉलनी दिसते, समोरच्या काकूंनी काय लिहिलं ते विचारून मग लिहिणारी. हे पोल्या नावाच्या गणितज्ञाचं मडकं, आणि त्याचा हा प्रकार मोजला तर मतांच्या सगळ्या विभागण्या, म्हणजे कुठल्या क्रमाला किती मतं, सारख्या शक्य होतात, तीन मतदारांसाठी अशा विभागण्या ५६ आणि त्यातल्या चक्राच्या फक्त २. अठरात एकदा होतं ते अठ्ठावीसात एकदा झालं. मोजणीचा नियम बदलला नाही, लोक फक्त एकमेकांचं थोडं ऐकायला लागले.

आणि पद्धतींची तुलना करताना हा फरक किती मोठा होतो ते बघा. तीन उमेदवार, मतदार भरपूर, कॉन्डोर्सेचा विजेता अस्तित्वात आहे, तर प्रत्येक पद्धत त्याला किती वेळा निवडते. फाशाच्या मतदारांमध्ये आपली नेहमीची सगळ्यात जास्त मतं तो जिंकला ही पद्धत ७५.७ टक्के वेळा, बोर्दा ९०.१, रनऑफ ९६.३. मडक्याच्या मतदारांमध्ये नेहमीची पद्धत ८८.१, बोर्दा ९१.१, रनऑफ ९६.९. नेहमीच्या पद्धतीत आणि बोर्दात पहिल्या हिशोबात चौदा टक्क्यांचं अंतर आहे आणि दुसऱ्यात तीन टक्क्यांचं. बोर्दाच्या बाजूने बोलणारा पहिला तक्ता दाखवेल, आहे तेच चालू द्या म्हणणारा दुसरा, आणि दोघंही खोटं बोलत नसतील. म्हणून मी म्हणते की कोणीही टक्का सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा, हे मतदार कुठले.

फाशाचे मतदार तर कुठेच राहत नाहीत. एक लाख फासे टाका, तीन उमेदवारांना प्रत्येकी ३३ हजार ३३३ च्या आसपास मतं पडतील, इकडेतिकडे दीडशे-तीनशेचा फरक, म्हणजे प्रत्येक निवडणूक जवळजवळ बरोबरीत सुटणार. अशी निवडणूक वर्षानुवर्षं कुठल्या वॉर्डात पाहिलीय कोणी? २००३ मध्ये त्सेतलिन, रेगेनवेटर आणि ग्रोफमन यांनी गणिताने दाखवलं की चक्र यायला सगळ्यात अनुकूल असं गृहीतकच हे आहे, खऱ्या लोकांमध्ये थोडा जरी एका बाजूला कल असला तरी मतदारांची संख्या वाढेल तसं चक्र दुर्मिळ होत जातं. तरीही हे गृहीतक इतकी वर्षं टिकलं कारण त्यात हिशोब सोपा होतो. वर्गात शिकवायला ते चांगलंच आहे, मीही शिकवते, पण त्यावरून संस्थेची घटना लिहायची नसते.

बरं, मग आमच्या चिठ्ठ्यांना कुठलं मॉडेल बसतं ते मी खरंच करून बघितलं. प्लॅकेट-ल्यूस नावाचं एक फार वापरलं जाणारं मॉडेल आहे, त्यात प्रत्येक पर्यायाला एक वजन असतं, माणूस वजनाप्रमाणे पहिला निवडतो, तो बाजूला काढून उरलेल्यांतून त्याच वजनांनी दुसरा. रात्री सराफ्यात खायला गेल्यावर आधी गराडू, मग भुट्ट्याचा कीस की मालपुआ हे ठरवताना तुम्ही आधी काय खाल्लं याचा काही संबंधच नाही असं धरण्यासारखं आहे हे. आमच्याकडे नाटक २० आणि मैफल १७ या वजनांनी हिशोब केला तर ऑर्केस्ट्रावाल्या २४ घरांपैकी साधारण १३ घरांनी दुसरं नाटक लिहायला हवं होतं आणि ११ घरांनी मैफल. प्रत्यक्षात नाटक शून्य, मैफल २४. दुसरं मॅलोजचं मॉडेल, १९५७ चं, त्यात एक मधला क्रम असतो आणि लोक त्यापासून थोडेथोडे भरकटतात, जितका क्रम लांबचा तितकी घरं कमी. आमच्याकडे सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांचा क्रम ऑर्केस्ट्रा-मैफल-नाटक आणि दुसऱ्या नंबरवर २० चिठ्ठ्यांचा नाटक-मैफल-ऑर्केस्ट्रा, म्हणजे बरोबर उलटा, जो या मॉडेलप्रमाणे सगळ्यात कमी यायला हवा. तेही बसलं नाही.

बसतं ते एका रेषेचं मॉडेल. एका टोकाला ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या टोकाला नाटक, मधे मैफल, आणि प्रत्येक घर त्या रेषेवर कुठेतरी उभं, जे जवळ ते आधी लिहिणार. मैफल शेवटची ठेवणारी चिठ्ठी ६१ मध्ये एकही नाही. चिठ्ठ्या हातात असलेल्या कोणालाही हे आपोआप समजतं, नाच आणि फिल्मी गाणी हवी असलेली तरुण घरं, दोन अंकी नाटक हवं असलेली ज्येष्ठ घरं, आणि गाणं दोघांनाही चालतं. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं की सगळे मतदार अशा एका रेषेवर असतील आणि संख्या विषम असेल तर कॉन्डोर्सेचा विजेता असतोच, चक्राची भीतीच नाही. आणि नेमक्या अशाच ठिकाणी रनऑफ कमजोर पडतो, कारण मधल्या पर्यायाची पहिली पसंती दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते आणि तो मोजणीत सगळ्यात आधी बाहेर पडतो. म्हणजे जिथे फाशाचं मॉडेल रनऑफला ९६ टक्के मार्क देतं तिथेच आमच्यासारख्या वस्तीत त्याची खरी परीक्षा असते. भाच्याचा टक्का आमचा नव्हता तो असा.

हे फक्त कॉलनीतलं खेळणं नाही. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ ला महापौराची निवडणूक याच पद्धतीने झाली, पहिल्या पसंतीत राइट २९५१, किस २५८५, माँट्रोल २०६३, शेवटी किस जिंकले. नंतर मतपत्रिकांचे क्रम तपासले तर माँट्रोल एकास एक लढतीत किसलाही हरवत होते आणि राइटलाही. पुढच्याच वर्षी शहराने ती पद्धत रद्द केली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अलास्कात तसंच झालं, पेल्टोला शेवटच्या फेरीत पेलिन यांना हरवून जिंकल्या आणि आधी बाद झालेले बेगिच मात्र या दोघींनाही समोरासमोर हरवणारे होते. अशा केसेस थोड्या आहेत हेही खरं आहे, बहुतेक खऱ्या निवडणुकांत रनऑफ आणि कॉन्डोर्से एकच नाव सांगतात, आणि ते मी लपवणार नाही. पण हे सगळं कळलं कशामुळे, तर त्या मतपत्रिकांचे पूर्ण क्रम लोकांसमोर आले म्हणून. आयर्लंडमध्ये २००२ ला डब्लिन नॉर्थ, डब्लिन वेस्ट आणि मीथ या तीन मतदारसंघांत मशीनवर मतदान झालं आणि त्यांचे पूर्ण क्रम खुले केले गेले, आजही जगभरचे लोक त्यावर मॉडेल तपासतात. टाइडमन आणि प्लासमन यांनी खऱ्या निवडणुकांचे क्रम घेऊन वेगवेगळी मॉडेल लावून पाहिली तर माणसं आणि उमेदवार एका जागेत ठेवणारं, म्हणजे आमच्या रेषेच्याच जातीचं मॉडेल सगळ्यात चांगलं बसलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पसंतीक्रम नवा नाहीच, राष्ट्रपतीची निवडणूक घटनेच्या कलम ५५ प्रमाणे पसंतीक्रमानेच होते, राज्यसभेची पण. १९६९ ची निवडणूक आठवा, व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरलेलं मूल्य असतं, ते धरून पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९, आणि जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कोणीच पोहोचलं नाही म्हणून खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखांचीही मतं वळली आणि गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. वळलेल्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींना गेली आणि १८,५६२ गिरींना. जवळजवळ अकरा हजार मूल्याची मतं कोणाच्याच खात्यात गेली नाहीत, कारण त्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणासाठी पुढची पसंतीच लिहिलेली नव्हती. आता गिरींच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाला होती, रेड्डींच्या मतपत्रिकांवर दुसरी कोणाला, ती मोजायची वेळच आली नाही कारण ते दोघं शेवटपर्यंत टिकले. देशमुख मधले होते का, दोन्ही गटांना चालणारे होते का, या प्रश्नाचं उत्तर त्या कागदांवर लिहिलेलं होतं आणि नियमाला ते वाचायची गरज नव्हती. मला हे फार लागतं. देशमुख जिंकायला हवे होते असं मी म्हणत नाहीये, मतदाराने लिहून दिलेली गोष्ट आपण न वाचता बांधून ठेवतो याचं दुःख आहे.

लोकसभेला तर लिहायलाही जागा नाही. २०२४ ला इंदूरमध्ये २,१८,६७४ लोकांनी नोटाचं बटण दाबलं, त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि मशीनवर एवढंच सांगता येत होतं.

म्हणून माझी मागणी पद्धतीच्या आधीची आहे. मराठी मंडळं, वाचनालयं, सोसायट्या, सहकारी पतपेढ्या, जिथे आपल्या हातात नियम आहेत तिथे पसंतीक्रम आणा, आणि निकालाबरोबर कुठला क्रम किती चिठ्ठ्यांवर होता ते जाहीर करा. चार-पाच वर्षांत आपल्याच लोकांचा डेटा जमेल, मग त्यावर मॉडेल बसवा आणि त्या मॉडेलमध्ये पद्धतींची शर्यत लावा. आज उलटं चाललंय, कोणीतरी वाचून येतो की अमुक पद्धत सर्वोत्तम आणि त्यामागचे मतदार फासे असतात.

याला एक खरा आक्षेप आहे आणि तो आमच्या कॉलनीतल्या एका वकील काकांनी घेतला. ते म्हणाले, कमिटीच्या निवडणुकीत सात उमेदवार असले तर क्रम ५०४० होतात आणि चिठ्ठ्या ६१, तर कोणी दमदाटी करून सांगू शकतो की मला पहिला लिही आणि बाकीचे सहा मी सांगतो त्याच क्रमाने लिही, मग यादी लागली की तो क्रम आहे की नाही ते मी बघतो. गुप्त मतदान संपलं. काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी ते मान्य करून माझी मागणी बदलली. तीन पर्याय असतील तर सहाच क्रम होतात, तिथे सगळं खुलं करा. उमेदवार जास्त असतील तर पूर्ण क्रम लावू नका, फक्त जोड्यांचा तक्ता लावा, कोणी कोणाला किती घरांत मागे टाकलं, सात उमेदवारांच्या २१ जोड्या, त्यातून कोणाचीही चिठ्ठी ओळखू येत नाही. त्या तक्त्यावरून कॉन्डोर्सेचा विजेता दिसतो, बोर्दाचे गुणही निघतात, आमच्या मैफलीचे ७८ म्हणजे ३७ अधिक ४१ एवढंच आहे. रनऑफ मात्र त्यावरून तपासता येत नाही आणि मॉडेल बसवायलाही तो तक्ता थोडा अपुरा पडतो, ती किंमत मी द्यायला तयार आहे.

यंदाच्या मिटिंगमध्ये मी तीन ओळींचा कागद दिलाय. चिठ्ठ्या पसंतीक्रमाने. आधी जोड्यांचा तक्ता, आणि सगळ्यांना हरवणारा असेल तर तोच. चक्र निघालं तर बोर्दाचे गुण. हिशोब बघणाऱ्या काकू म्हणाल्या की ऑर्केस्ट्रा तर छान झाला होता, मुलं किती नाचली, मग एवढं कशाला. झालाच होता छान, मीही शेवटपर्यंत बसले होते. पण ३७ घरांना त्या शनिवारी दुसरं काही जास्त आवडलं असतं आणि ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. काकूंनी कागद परत वाचला आणि एकच सुधारणा सुचवली, चक्राचा नियम डबा उघडायच्या आधी फळ्यावर लिहायचा, नंतर नाही. ती मी चौथी ओळ म्हणून घातलीय.